स्टॉकहोमचं जुनं गाव पायी: दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं

आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम ठरलेला असतो: गाम्ला स्तान, म्हणजे स्टॉकहोमचं जुनं शहर. सुरुवातीला मी पाहुण्यांना मेट्रो स्टेशनवर सोडून ‘फिरून या’ म्हणायचे. दीड तासात फोन यायचा, ‘बघून झालं, आता काय?’ पिशवीत फ्रिजवर चिकटवायचं चुंबक, फोनमध्ये त्या लाल-पिवळ्या घरांचा फोटो, आणि आईच्या शब्दांत सांगायचं तर ‘सगळा बाजारच आहे गं तुझा.’

तिचं चुकलं नव्हतं, रस्ता चुकला होता. स्टेशनातून निघालेली गर्दी वेस्तेरलोंगगातान या लांबलचक रस्त्याला लागते आणि त्याच रस्त्याने परत येते. हे बेट मात्र लांबीने चालून कळत नाही, ते आडवं कापावं लागतं. मधे टेकाड, चहूकडे पाणी, आणि टेकाडावरून पाण्याकडे उतरणाऱ्या बोळी, अशी या गावाची बांधणी आहे. म्हणून आता मी पाहुण्यांना दोनदा चढवते आणि दोनदा उतरवते. अंतर जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर, पण थांबत-बघत तीन तास सहज जातात.

निघण्याआधी

पायात सपाट, जाड तळव्याचे बूट हवेत. सगळीकडे गोट्यांची फरसबंदी आहे आणि पाऊस पडून गेला की ती चांगलीच निसरडी होते. बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची सोबत असेल तर हा मार्ग सगळा जमणार नाही, एका ठिकाणी छत्तीस पायऱ्या आहेत. त्याला पर्याय पुढे सांगते.

रोख पैसे बदलून आणायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच दुकानांच्या दारावर ‘काँतांतफ्रीत’ अशी पाटी असते, म्हणजे रोख चालत नाही. चहा-कॉफीपासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्डच लागतं. मेट्रोच्या फाटकावरही बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट निघतं. ते पंचाहत्तर मिनिटं चालतं आणि तेवढ्या वेळात बसही बदलता येते. पाण्याची बाटली मात्र घरून घ्या. नळाचं पाणी उत्तम आहे, हॉटेलात ‘क्रानवात्तेन’ म्हटलं की तेच आणून देतात.

वेळ सकाळी नऊची, किंवा उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतरची. जूनमध्ये सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे जेवून निघालात तरी चालेल. डिसेंबरात उलट, तीनच्या आत अंधार. तेव्हा सकाळीच निघा आणि चौकातला नाताळचा बाजार दिवे लागल्यावर बघा.

चार शब्द पाठ केले की इथल्या पाट्या बोलायला लागतात. ‘गाता’ म्हणजे रस्ता, ‘ग्रेंद’ म्हणजे बोळ, ‘तोर्य’ म्हणजे चौक आणि ‘ब्रिंक’ म्हणजे चढ. शेवटी ‘एन’, ‘आन’ किंवा ‘एत’ लागलं की ‘तो अमुक’ असा अर्थ होतो. इंग्रजी वळणाने वाचू नका. ‘के’ आणि ‘एस-के’ या अक्षरांचा काही स्वरांपुढे ‘श’ होतो. पत्ता विचारताना मी स्वतः वर्षभर ‘कोपमान’ म्हणत होते आणि लोक विनयाने गोंधळत होते. तो ‘शोपमान’, व्यापारी.

पहिला चढ: स्टेशनापासून मोठ्या चौकापर्यंत

गाम्ला स्तान स्टेशनवर लाल आणि हिरवी, दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात. बाहेर आलात की मेलारतोर्येत चौक लागतो. गर्दी सरळ आत जाईल. तुम्ही डावीकडे लिल्ला नीगातान धरा. पुढे तिला समांतर स्तूरा नीगातान आहे. नावांचा अर्थ ‘छोटा नवा रस्ता’ आणि ‘मोठा नवा रस्ता’. हे ‘नवे’ रस्ते चारशे वर्षांचे आहेत. १६२५ साली आगीत बेटाचा हा नैर्ऋत्य भाग जळाला. तो पुन्हा बांधताना रस्ते दोरी लावून सरळ आखले. बेटावर एरवी सरळ रेघ दुर्मीळ, तेव्हा सरळ रस्ता दिसला की आग आठवायची.

आता उजवीकडे कोकब्रिंकेन हा चढ घ्या. ‘कोक’ म्हणजे गुन्हेगाराला बांधून फटके मारायचा खांब. तो वरच्या चौकात होता, त्यावरून चढाला हे नाव. चढताना वेस्तेरलोंगगातान आडवा येईल. दुकानांकडे न बघता तो ओलांडा आणि पुढच्या कोपऱ्यावर, प्रेस्तगातान लागतो तिथे थांबा.

या कोपऱ्यावर भिंतीच्या पायाशी, गुडघ्याच्या उंचीवर एक करडा दगड बसवलेला आहे. त्यावर सापासारखी वळणारी पट्टी कोरली आहे आणि पट्टीत काड्याकाड्यांची अक्षरं. हा रूनलेख, म्हणजे व्हायकिंग काळातल्या लिपीतला कोरीव लेख. तोर्स्तेन आणि फ्रोगुन या दोघांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ हा दगड उभा केला, असं त्यावर लिहिलं आहे. मुलाचं नाव गेलं, आईबापांची राहिली. दगड अकराव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे शहराहूनही जुना, कारण स्टॉकहोमचा पहिला लेखी उल्लेख १२५२ सालचा आहे. पुढे कुणीतरी बाहेरून आणलेला हा दगड साध्या बांधकामाच्या मालासारखा भिंतीत चिणला. त्याच्या पुढ्यात जुन्या तोफेची नळी उभी पुरली आहे. वळणाऱ्या गाडीच्या चाकाने घराचा कोपरा तुटू नये म्हणून ही सोय. एका कोपऱ्यात शोक, काटकसर आणि वाहतूक नियंत्रण. पाहुण्यांना मी इथे पाच मिनिटं उभं करते आणि दगडाला बोट लावू देत नाही.

चढ संपला की स्तूरतोर्येत, मोठा चौक. या बेटाचा माथा.

चौकातल्या गोष्टी, आणि त्यातलं खरं किती

१५२० च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिस्तियान याने स्वीडन जिंकून पलीकडच्या चर्चमध्ये स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला. मेजवान्या झडल्या, आणि मग वाड्याचे दरवाजे बंद झाले. विरोधकांवर पाखंडाचा आरोप ठेवून या चौकात ऐंशीहून जास्त सरदार, बिशप आणि नागरिकांची मुंडकी उडवली. यालाच स्टॉकहोमचं रक्तस्नान म्हणतात. मारल्या गेलेल्यांत एका तरुण सरदाराचे वडील होते. त्या तरुणाने बंड उभारलं आणि ६ जून १५२३ रोजी गुस्ताव वासा म्हणून तो स्वीडनचा राजा झाला. ६ जून हाच आज स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे.

आता त्या लाल घराकडे बघा, विसाव्या क्रमांकाच्या. त्यावर पांढरे दगड जडवलेले दिसतील. बक्षिसीवर चालणाऱ्या एका फेरीत आमच्या वाटाड्याने छातीठोक सांगितलं होतं की हे ब्याऐंशी दगड म्हणजे ब्याऐंशी मुंडकी. गोष्ट झकास आहे, पण घराला हे रूप १६५० च्या सुमारास मिळालं, कत्तलीनंतर सव्वाशे वर्षांनी. स्कोमाकारगातानच्या कोपऱ्यावर भिंतीत अडकलेला तोफगोळाही असाच. गुस्ताव वासाच्या माणसांनी तो डागला म्हणतात, पण पुढे कुणीतरी गंमत म्हणून बसवला असण्याचीच शक्यता जास्त. गोष्टी ऐका जरूर, फक्त दगडाचं वय विचारून घ्या.

मधली विहीर १७७८ ची. एकोणिसाव्या शतकात ती आटली, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. हिमयुगात इथे बर्फाचा प्रचंड थर होता. त्या ओझ्याने दबलेली जमीन बर्फ गेल्यापासून वर येते आहे, स्टॉकहोमजवळ वर्षाला साधारण चार-पाच मिलिमीटर. शहराच्या साडेसातशे वर्षांत ती तीन मीटरच्या वर उचलली गेली. म्हणजे आपण आत्ता ओलांडला तो वेस्तेरलोंगगातान एकेकाळी जवळजवळ किनाऱ्यावर होता, तटबंदीच्या बाहेर. हे मनात ठेवा, उतरताना कामाला येईल.

चौकाच्या उत्तरेची मोठी इमारत म्हणजे जुना शेअर बाजार. वर स्वीडिश अकादमी भरते. १७८६ साली तिसऱ्या गुस्तावने स्थापलेली, अठरा सभासदांची ही संस्था साहित्याचं नोबेल ठरवते. खाली नोबेल संग्रहालय आहे. तिकीट काढायचं नसेल तर निदान कॅफेत बसा आणि खुर्ची उलटी करून बघा. इथे येणाऱ्या नोबेल विजेत्यांना खुर्चीच्या तळाशी सही करायला लावतात. आमच्याकडच्या पाहुण्यांचा अर्धा तास या शोधात जातो. २०१९ चे अर्थशास्त्राचे विजेते अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मले, आणि त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. मराठी पाहुण्यांना हे सांगितलं की खुर्च्या जरा जास्तच वेगाने उलटायला लागतात.

मोठं चर्च आणि राजवाडा

शेअर बाजाराच्या शेजारून जाणाऱ्या त्रोंगसुंदने पुढे गेलात की स्तूरशिर्कान, मोठं चर्च. आत जायला तिकीट आहे. या फेरीत एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा.

कारण पहिलं: संत जॉर्ज आणि ड्रॅगन. १४८९ चं हे लाकडी शिल्प ल्युबेकच्या बेर्न्त नोत्केचं मानतात. घोडा मागच्या पायांवर उठला आहे, खाली ड्रॅगन उताणा. शिल्पाच्या डाव्या-उजव्या बाजूने फिरा आणि ड्रॅगनच्या अंगावरचे काटे जवळून बघा. ती लाकडाची कारागिरी नाही. एल्क या मोठ्या सांबरासारख्या प्राण्याची खरी शिंगं तिथे बसवली आहेत, त्यांच्या फांद्या पंजासारख्या वाकलेल्या. १४७१ साली ब्रुंकेबेर्गच्या लढाईत स्वीडनचा कारभारी स्तेन स्तूरे याने डेन्मार्कच्या राजाला हरवलं, त्याचं हे स्मारक. ड्रॅगन कोण, हे सांगायला नको.

कारण दुसरं: सूर्याभोवतीच्या खळ्यांचं चित्र. २० एप्रिल १५३५ च्या सकाळी आकाशात अनेक सूर्य आणि कडी दिसली, ते दृश्य. मूळ चित्र गेलं, ही सतराव्या शतकातली नक्कल. लोक आकाश बघतात, तुम्ही खालचं शहर बघा. पाण्याने वेढलेलं, तटात कोंबलेलं, मधे या चर्चचा मनोरा. आपण चालतोय तो नकाशाच तिथे टांगलेला आहे.

बाहेर राजवाडा. तो चौकोनी, काहीसा कंटाळवाणा आहे असं माझं मत, आणि ते बोलून दाखवलं की स्वीडिश मित्रही मान डोलावतात. आधीचा ‘तीन मुकुट’ नावाचा किल्ला ७ मे १६९७ रोजी जळाला. तेव्हा अकराव्या कार्लचं शव आतच अंत्यविधीची वाट बघत होतं, ते धावपळ करून बाहेर काढलं. नव्या वाड्यात राजघराणं राहायला आलं ते १७५४ साली. आताचे राजाराणी ड्रोटनिंगहोल्मला राहतात, इथे कचेरी. पहारा बदलायचा सोहळा उन्हाळ्यात रोज असतो, साधारण सव्वाबाराला, रविवारी एक तास उशिरा. हिवाळ्यात मोजकेच वार, तेव्हा तारीख बघून घ्या. बँड आवडत असेल तर थांबा, नाहीतर नेमक्या त्याच वेळी चौक रिकामा मिळतो.

बोटभर मुलगा

वाड्याच्या दक्षिणेला स्लोत्सबाक्केन हा उतार आहे. समोर फिनिश चर्च. त्याच्या मागच्या छोट्या अंगणात, बोल्हुसतेप्पान त्याचं नाव, येर्नपॉयके बसलेला आहे. येर्नपॉयके म्हणजे लोखंडी मुलगा. उंची पंधरा सेंटिमीटर. गुडघे पोटाशी घेऊन तो चंद्राकडे बघतो. लिस एरिक्सनचं हे शिल्प इथे १९६७ पासून आहे. डोकं लोकांच्या हातांनी घासून गुळगुळीत चमकतं, पुढ्यात नाणी असतात, आणि थंडीत कुणीतरी त्याला विणलेली टोपी-मफलर घालून जातं. एका जानेवारीत आमच्या आधी पोचलेली एक आजी त्याच्या खांद्यावरचा बर्फ हातमोज्याने झटकत होती, नातवाचा झटकावा तसा. आईचा ‘बाजार’ हा शेरा त्या दिवशी मागे घेतला गेला.

पहिला उतार: पूर्वेच्या पाण्याकडे

बोल्हुसग्रेंदने पुढे या. शोपमानतोर्येतला संत जॉर्ज पुन्हा भेटेल, १९१२ ची ब्राँझ प्रतिकृती. चर्चमध्ये तिकीट काढलं नसेल तर निदान याला प्रदक्षिणा घाला. इथून खाली ओस्तेरलोंगगातान. हा पश्चिमेकडच्या बाजाराचा जुळा भाऊ, पण शांत. मी पाहुण्यांना जेवायला इकडेच आणते. कामाच्या दिवशी अकरा ते दोन ‘दागेन्स लुंच’ असतं, म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण. त्यात बहुधा सॅलड, पाव आणि कॉफी धरलेली असते. शाकाहारी असाल तर ‘वेगेतारिस्क’ म्हणा, पण मासे चालत नाहीत हे वेगळं सांगा.

आता डावीकडची कुठलीही एक बोळ निवडा आणि पाण्यापर्यंत उतरा. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते इथे. हा रस्ताही एकेकाळी किनाराच होता. पुढे लोकांनी भर घालत, धक्के वाढवत समुद्र मागे रेटला, त्यामुळे बोळी एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या आहेत. शेवटी शेप्सब्रून, जहाजांचा धक्का. समोरचं पाणी बाल्टिकचं, मचूळ. बेटाच्या पश्चिमेला मेलारेन सरोवराचं गोडं पाणी आहे, तेच शहराच्या नळाला येतं. सरोवराची पातळी समुद्राहून सरासरी पाऊण मीटरच्या आसपास उंच. मालाने भरलेल्या होड्यांना एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना इथेच अडायला लागायचं. शहर नेमकं याच बेटावर का वसलं, याचं उत्तर इथे उभं राहून मिळतं.

उतरताना वर बघा. दारांवर ज्वाळांतून उठणाऱ्या पक्ष्याचं चिन्ह दिसेल: १७४६ साली सुरू झालेल्या आगीच्या विम्याची पाटी. भिंतींवरचे लोखंडी आकडे आतल्या तुळयांना धरून ठेवतात. नक्षीदार असतील तर घर बहुधा जुनं, सरळ पट्टी असेल तर नंतरचं.

परत ओस्तेरलोंगगातानवर येऊन दक्षिणेकडे चला. देन यिल्देने फ्रेदेन हे हॉटेल लागेल. १७२१ च्या तहाने रशियाबरोबरचं लांबलेलं युद्ध थांबलं, हॉटेल १७२२ ला उघडलं, म्हणून नाव ‘सोनेरी शांतता’. चित्रकार आंदेर्स सोर्नने ही इमारत घेऊन अकादमीला दिली. नोबेल ठरवणारी मंडळी गुरुवारी इथे जेवतात. आत बसलात तर बिल जपून.

रस्ता संपतो येर्नतोर्येत या लोखंडाच्या चौकात. इथे लोखंड तोलून परदेशी जायचं. बाकांवर बसा आणि पोटपूजा करा. दालचिनीचा पाव सगळ्यांना माहीत असतो, तुम्ही ‘कार्देमुम्माबुल्ले’ मागा. त्यात वेलदोडा सढळ हाताने, जाडसर कुटून घातलेला असतो. पहिल्या घासाला आमच्या आत्या म्हणाल्या होत्या, ‘अगं, हे तर श्रीखंडाच्या वासाचं.’

दुसरा चढ: छत्तीस पायऱ्या

चौकातून वेस्तेरलोंगगातानवर शिरा आणि उजव्या हाताला लक्ष ठेवा. एक फट दिसेल, ती मोर्तेन त्रोत्सिग्स ग्रेंद. सगळ्यात अरुंद ठिकाणी नव्वद सेंटिमीटर. १५८० च्या दशकात जर्मनीतून आलेल्या मोर्तेन नावाच्या व्यापाऱ्याची इथे घरं होती. मधे शंभरएक वर्षं दोन्ही टोकांना फळ्या ठोकून बोळ बंद होती, १९४५ ला पुन्हा उघडली. रिवाज असा: वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबा. फोटोसाठी मधेच ठाण मांडू नका, मागे रांग साठते. बाबागाडी असेल तर इथे न चढता रस्त्याने पुढे जाऊन त्यिस्का ब्रिंकेनच्या चढाने वर या.

वर प्रेस्तगातान, पाद्र्यांचा रस्ता. खाली वीस पावलांवर गर्दी, इथे मांजर झोपलेलं. बेटावर तीनएक हजार लोक राहतात आणि त्यांच्या खिडक्या तुमच्या खांद्याला लागतात, तेव्हा आवाज बेताचा. पुढे त्यिस्का शिर्कान, जर्मन चर्च, शहाण्णव मीटर उंच मनोऱ्याचं. मध्ययुगात इथल्या नगरसभेतल्या निम्म्या जागा जर्मन व्यापाऱ्यांना राखीव होत्या, १४७१ पर्यंत. फाटकावर सोनेरी जर्मन अक्षरांत ‘देवाला भ्या, राजाला मान द्या’ असं आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण इथल्या बोळींत ती पटते. १८६२ साली हे जवळजवळ सगळं पाडून सरळ रस्ते काढायची योजना मांडली गेली होती. तेव्हा ही दाटीवाटीची, गरिबांची, दुर्गंधीची वस्ती होती. योजना कागदावर राहिली.

दुसरा उतार: सूर्यास्ताच्या बाजूला

त्यिस्का ब्रिंकेनने सरळ खाली पश्चिमेला उतरा. मुंकब्रूनवरून उजवीकडे वळलात की सरदारांची सभा भरायची ती रिद्दारहूसेत इमारत, तिथून छोटा पूल ओलांडून रिद्दारहोल्मेन बेट. इथे कुणी राहत नाही, सगळ्या कचेऱ्या, त्यामुळे संध्याकाळी सामसूम असते. चर्चचा मनोरा काळ्या जाळीचा दिसतो. १८३५ साली वीज पडून आधीचा जळाला, म्हणून हा बिडाचा केला. आत राजांची थडगी आहेत, शेवटचं १९५० चं. दार मुख्यतः उन्हाळ्यातच उघडं.

चर्चच्या मागे जा, पाण्यापर्यंत. समोर मेलारेन, पलीकडे नगरभवनाचा एकशे सहा मीटरचा विटांचा मनोरा, टोकावर तीन सोनेरी मुकुट. कठड्याजवळ बसायला जागा आहे. उन्हाळ्यात ऊन नऊ वाजताही तोंडावर येतं, तेव्हा टोपी काढू नका. वारा सुटला तर मात्र जूनमध्येही स्वेटर लागेल. स्टेशन इथून सहा-सात मिनिटांवर, आलात तो पूल ओलांडून उजवीकडे. पिशवीत वेलदोड्याचा एखादा पाव उरला असेल तर सीगलपासून सांभाळा, आत्यांचा दुसरा पाव इथेच गेला.